शेवट गोड, मग रडू का येतं?

माझी भाची जपानी शिकते. पुण्यात यात आता नवल राहिलेलं नाही. आमच्या एका सोसायटीतलीच तीन मुलं जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला बसतात. भाची तिची एन-फोर पातळी पास झाली आणि तिने वाचायला काय घेतलं, तर दोन मुलग्यांच्या प्रेमाची कॉमिक्स. त्यातलं एक माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मामा, वाच. गोड आहे." रविवारी दुपारी मी ते एका बैठकीत संपवलं. संध्याकाळी ती पुस्तक न्यायला आली तेव्हा माझे डोळे सुजले होते.

"अरे, पण एन्डिंग हॅपी आहे!"

बरोबरच होतं तिचं. कोणी मेलं नव्हतं, ताटातूट झाली नव्हती. मी सेहेचाळीस वर्षांचा गे माणूस. घरी सांगून अकरा वर्षं झाली, दिवस बरे चाललेत. पोटापाण्यासाठी जपानी यंत्रांची मॅन्युअल्स भाषांतरित करतो, आणि प्रेस मशीनच्या मॅन्युअलवर आजवर कधी डोळे भरून आले नाहीत. तिला तेव्हा मी "डोळ्यात काहीतरी गेलं" असलं पांचट उत्तर दिलं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहून काढतो.

आधी ही कॉमिक्स म्हणजे काय ते पाहू. जपानमध्ये यांना 'बॉइज लव्ह', थोडक्यात बीएल म्हणतात. 'याओई' हा जुना शब्दही कानावर येतो. तो तीन जपानी शब्दांच्या पहिल्या अक्षरांचा आहे: चढ नाही, शेवट नाही, अर्थ नाही. हौशी चित्रकर्त्यांनी स्वतःच्याच कथांची केलेली ही चेष्टा होती आणि तीच नाव म्हणून चिकटली. आपल्याकडे एखाद्याने आपल्या कथासंग्रहाला 'फालतू' नाव द्यावं आणि पुढे त्या प्रकारालाच सगळे फालतू म्हणू लागावेत, तसं.

गंमत म्हणजे हा प्रकार गे पुरुषांनी सुरू केला नाही. तो सुरू केला तरुण बायकांनी. १९७०च्या सुमारास मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या विशीतल्या दोघी तोक्योच्या ओइझुमी भागात एका घरात राहून चित्रं काढत होत्या. त्यांच्या पिढीला 'चोवीस सालचा गट' म्हणतात, कारण यातल्या बहुतेकींचा जन्म शोवा या जपानी शकाच्या २४ व्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या आगेमागे झालेला. मुलींच्या मासिकांत तोवर ठरलेली गोष्ट असायची: मुलगी वाट बघते, मुलगा येतो. या बायकांनी मुलीलाच बाजूला काढलं आणि दोन मुलगे समोरासमोर उभे केले. ताकेमियांची मुख्य कथा छापायला संपादक कित्येक वर्षं तयार नव्हते. शेवटी ती १९७६ साली सुरू झाली, तीही फ्रान्समधल्या एकोणिसाव्या शतकातल्या निवासी शाळेत बेतलेली. आपलं घर, आपली गल्ली यात नको, लांबच्या देशात घडू दे, म्हणजे बोलता येईल. ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. घरी विचारायचं असतं स्वतःबद्दल, आणि आपण सुरुवात करतो, "माझ्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे…"

बायकांना दोन पुरुषांच्या प्रेमात इतका रस का, हे मला नेहमी विचारलं जातं, जणू मी त्यांचा प्रवक्ता आहे. मला पटलेलं उत्तर असं: त्या गोष्टीत वाचणारीच्या वाट्याला ठरलेली जागा नसते. तिला कोणाची सून व्हायचं नसतं, गरोदर राहायची भीती नसते, कोणी तिच्या शरीराकडे बघत नसतं. दोघांपैकी कोणीही होऊन ती प्रेमात पडू शकते. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढं काही नाही रे, दोघंही देखणे असतात." तेही खरंच.

आता मूळ प्रश्न. कॉमिक रडवतं कसं?

आमच्या पिढीने मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचलाय. एका चौकटीत वेताळाची मूठ उगारलेली. पुढच्या चौकटीत गुंड आडवा. ठोसा कुठे आहे? छापलेलाच नाही. तो दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत बसला, आणि मारला आपण. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्स कशी चालतात यावर कॉमिकच्याच रूपात एक पुस्तक काढलं. त्यात हा मुद्दा त्याने फार सुरेख मांडलाय: कॉमिकची खरी जागा म्हणजे ही मधली फट, कारण तिथे चित्रकार थांबतो आणि वाचणारा कामाला लागतो. इंग्रजीत त्या फटीला 'गटर' म्हणतात. मराठीत तो शब्द घेतला तर वास येईल, म्हणून मी फटच म्हणतो.

सिनेमात हे होत नाही. तिथे दिग्दर्शक सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो, आपल्याला मध्ये शिरायला जागाच ठेवत नाही. कॉमिकमध्ये वेळ आपल्या हातात असते. एका चौकटीवर दहा मिनिटं थांबलो तरी थिएटरवाला दिवे लावत नाही. शिवाय चेहरे साधे असतात: दोन डोळे, एक रेघ, कपाळावर केस. मॅक्लाउडचं म्हणणं असं की चेहरा जितका साधा, तितका तो जास्त लोकांना आपला वाटतो. हुबेहूब काढलेला चेहरा कोणा दुसऱ्याचा असतो. दोन टिंबं आणि एक रेघ कोणाचीही होते.

मला ज्या पानावर पहिल्यांदा भरून आलं ते सांगतो. समोरासमोरच्या दोन पानांवर पाच उभ्या, अरुंद चौकटी, एकीला एक लागून, पानाच्या पूर्ण उंचीच्या. जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. सगळ्यात उजवीकडे स्टेशनचा बाक, कॉलेजची दोन मुलं बसलेली, दोघांच्या मध्ये एक मिटलेली छत्री उभी टेकवलेली. दुसऱ्या चौकटीत फक्त छत्रीची मूठ. तिसऱ्या चौकटीत रूळ, पाऊस, आणि वर कोपऱ्यात 'शीऽऽन' असं लिहिलेलं. जपानीत शांततेलाही आवाज आहे, तो हा. (आपल्याकडे 'चिडीचूप' आहे, पण त्यात मास्तरांची छडी ऐकू येते.) चौथ्या चौकटीत छत्री बाकाखाली आडवी. पाचव्या चौकटीत ती दोघं पहिल्यासारखीच समोर बघत बसलेली, फक्त मध्ये आता जागा नाही. पूर्ण दोन पानांत एकही संवाद नाही.

छत्री कोणी काढली? तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधल्या फटीत काय झालं? माझ्या मते डावीकडच्या लाजऱ्या मुलाने ती हळूच पायाने सारली, दुसऱ्याला कळणार नाही अशी. मला तर त्याचा बूटही दिसला होता. भाचीला विचारलं तर तिने खांदे उडवले. "वाऱ्याने पडली असेल की."

वारा मला सुचलाच नव्हता.

१९९८ साली मी कॉलेजला होतो. मागच्या गल्लीतला एक मित्र रोज माझ्या लूनावर मागे बसून यायचा. कर्वे रोडला चढ लागला की तो खाली उतरून पळायचा आणि पुन्हा बसायचा. आमच्या मध्ये कायम त्याची सॅक. माझ्या पाठीत तिचं बक्कल रुतायचं. तो ती स्वतःच्या पाठीला का लावत नाही, हे मी दोन वर्षांत विचारलं नाही. विचारलं आणि त्याने खरंच पाठीला लावली तर? किंवा हसून म्हणाला, तुला काय करायचंय? दोन्हींची सारखीच भीती होती. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, लग्न झालं, पत्रिका आली. मी आहेर करून आलो.

फट भरायला माल लागतो आणि तो वाचणारा आपल्या घरून आणतो. ज्याला सतराव्या-अठराव्या वर्षी कोणीतरी आवडलं, त्याने चिठ्ठी दिली, मैत्रिणींनी चिडवलं, नकार मिळाला, दोन आठवडे जेवण गेलं नाही, त्याच्याकडे आठवणींचा डबा भरलेला असतो. प्रेमाचं कॉमिक वाचताना तो त्यातून काढतो आणि भरतो. हसतो, थोडा हळवा होतो, झालं. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी डबा उघडला की त्यात काय असतं? सॅकचं बक्कल. घडलं नाही ते. मग फट त्यानेच भरली जाते. पानावर छत्री सरकते आणि आत सत्तावीस वर्षांपूर्वीची सॅक सरकते. सुखाचं पान म्हणूनच टोचतं. दुःखी गोष्ट वाचली असती तर रडलो नसतो. दुःखाची तालीम आमची झालेली असते.

अशा दुःखाला मानसशास्त्रात नाव आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एक कल्पना मांडली: काही दुःखं अशी असतात की समाज ती दुःखं म्हणून धरतच नाही. माणूस शोक करतो, पण त्याला तो हक्क नसतो. मी मराठीत त्याला सुतक नसलेलं दुःख म्हणतो. आजोबा गेले तर तेरा दिवस शेजारी पिठलं-भात आणून देतात. न मिळालेल्या अठराव्या वर्षासाठी कोण पिठलं आणणार? गेलं काय, हेच सांगता येत नाही. कॉमिक ते दाखवतं: हे बघ, हे असतं. आणि जे कधी पाहिलंच नव्हतं ते एकाच क्षणी दिसतंही आणि गेलेलंही असतं.

हे माझ्या एकट्याचं खूळ नव्हे. अ‍ॅलिस ओझमनचं 'हार्टस्टॉपर' हे इंग्लंडमधलं वेबकॉमिक २०१६ साली सुरू झालं, २०२२ मध्ये त्यावर मालिका आली, आणि तिशी-चाळिशीतल्या किती तरी गे लोकांनी जाहीरपणे सांगितलं की शाळकरी पोरांची ही गोड गोष्ट पाहून आम्ही स्वतःसाठी रडलो.

दुसरंही एक कारण आहे, जरा शारीर म्हणावं असं. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये अल्पसंख्याकांवरच्या ताणाबद्दल जे मांडलं त्यातला एक भाग असा, की नकाराची अपेक्षा हाच एक ताण असतो. प्रत्यक्ष कोणी काही बोलो न बोलो, माणूस सतत सावध असतो. कोण बघतंय, आवाज बायकी आला का, हात किती हलवला. मी ते कॉमिक वाचतानाही सावध होतो. पान उलटताना वाटायचं, आता कोणीतरी पाहणार, आता बाप थोबाडीत देणार, आता एक जण लग्न ठरल्याचं सांगणार. आपल्याला शिकवणच तशी मिळाली आहे. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्ससाठी जी नियमावली झाली तिने लैंगिक 'विकृती'चा नुसता उल्लेखही बाद केला होता, आणि तेव्हा समलिंगी प्रेम त्याच खात्यात मोडायचं. जपानच्या त्या पहिल्या गाजलेल्या कथांवरही मरणाची सावली दाट होती. इथे थोबाडीत बसलीच नाही. दोनशे पानं अंग आखडून बसल्यावर कोणी म्हणावं, अहो, धोका नव्हताच. मग जे होतं ते रडूच असतं.

आता या कॉमिक्सची बाजूही फार धुतल्या तांदळासारखी नाही. जुन्या बीएलमध्ये एक 'सेमे' आणि एक 'उके' अशी वाटणी असते. हे जपानी मार्शल आर्ट्सच्या भाषेतून आलेले शब्द, चढाई करणारा आणि झेलणारा. एक उंच, गंभीर. दुसरा नाजूक, मोठ्या डोळ्यांचा. म्हणजे दार बंद करून बाहेर ठेवलेली नवरा-बायकोची जोडी खिडकीतून पुन्हा आत. 'नको' म्हणजे 'हो' असं समजून पुढे जाणारे नायक तर जुन्या कथांत इतके आहेत की मी भाचीला सरळ सांगितलं, असला कोणी भेटला तर मला फोन कर. १९९२ साली जपानमधल्या एका गे कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी पत्रिकेत चिडून लिहिलं होतं की या कथांतले पुरुष आमच्यासारखे नाहीतच, आमच्या जगण्याशी यांना काही घेणंदेणं नाही. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. मला त्याचा राग कळतो. पण मला हेही कळतं की माझ्या कॉलेजच्या दिवसांत मला ते खोटे, चकचकीत मुलगे मिळाले असते तरी मी ते गादीखाली जपून ठेवले असते.

गे पुरुषांनी गे पुरुषांसाठी काढलेली वेगळी परंपराही जपानात आहे. तिथले नायक दाढीवाले, पोट सुटलेले, तुमच्या-आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखे. त्यातले नावाजलेले गेंगोरो तागामे यांनी २०१४ ते २०१७ मध्ये एक घरगुती मालिका काढली, 'माझ्या भावाचा नवरा'. एका माणसाचा जुळा भाऊ वारलाय आणि त्याचा कॅनेडियन नवरा पाहुणा म्हणून दारात उभा राहतो. घरातली लहान मुलगी त्याला लगेच काका करून टाकते, बापाला मात्र घशाखाली घास उतरत नाही. यात प्रेमप्रसंग जवळजवळ नाहीत. आहे ते पाहुणचार, अवघडलेपण, भावाशी आयुष्यभर न झालेलं बोलणं. कोणी मला विचारलं की आईवडिलांना काय वाचायला देऊ, तर मी हे सांगतो.

तुम्हालाही असं काही वाचून दोन-तीन दिवस भणभणल्यासारखं झालं तर ते साहजिक आहे. माणूस गोष्टीत पूर्ण ओढला गेला की बाहेर आल्यावर आपलंच घर थोडा वेळ परकं वाटतं. रात्री दोन वाजता एकट्याने वाचू नये एवढं पथ्य मी पाळतो. दोन दिवसांचं महिन्यावर गेलं, झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जावं. आणि तो 'बदलून देतो' म्हणाला तर उठून यावं. डॉक्टरांनी असे उपचार करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

भाषांतरकार म्हणून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जपानी मुलगा 'सुकी' म्हणतो तेव्हा त्याचं व्याकरण आपल्यासारखं असतं. इंग्रजीत प्रेम करणारा कर्ता असतो. जपानीत आणि मराठीत तो नसतो: 'मला तू आवडतोस.' आवडण्याचं काम तू करतोस, मी नुसता सापडलोय. पण जपानी 'सुकी' समोरचा मुलगा की मुलगी हे सांगत नाही. मराठीत 'आवडतोस' म्हटलं की संपलं, त्या एका 'तो'मध्ये सगळं कळतं. म्हणून मी घरी सांगायच्या आधीची कित्येक वर्षं 'व्यक्ती' या शब्दावर काढली. 'एक व्यक्ती आहे, ती ऑफिसात भेटली, तिचं माझं जमतं.' मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी. खोटं एक अक्षर नाही, आणि आईच्या डोळ्यांसमोर छान पंजाबी ड्रेस घातलेली कोणीतरी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० सालच्या कायद्यातलं. ते २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं, २०१८ च्या ६ सप्टेंबरला सोडलं. मधल्या काळात, २०११ साली, पुण्यात पहिली प्राईड, म्हणजे आमच्यासारख्यांची मिरवणूक, निघाली, तेव्हा मी फुटपाथवर बसची वाट बघत असल्यासारखा उभा होतो. व्याकरणाने मला जितकं सांभाळलं तितकं कोणी सांभाळलं नाही.

आईला शेवटी 'तो' म्हणून सांगितलं २०१४ मध्ये. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती ऑफिसातली व्यक्ती…" मी म्हटलं, "हो, तोच." "मला वाटलं ख्रिश्चन असेल म्हणून तू सांगत नाहीस."

परवा भाची ते पुस्तक पुन्हा घेऊन आली होती. आजीने चष्मा लावून ते हातात घेतलं, मधलंच पान उघडलं आणि आपल्या सवयीने डावीकडून बघायला लागली. बाकाची तीच दोन पानं.

"आधी चांगले खेटून बसलेत. मग छत्री आणून मध्ये ठेवली. भांडण झालं वाटतं यांचं."

"आजी, उलटं वाचतेयस तू. उजवीकडून वाच."

आईने बोट उजव्या टोकाला नेलं आणि एकेक चौकट सरकत डावीकडे आली. चौथीवर थांबली. पुन्हा तिसरीवर गेली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"छत्री कोणी काढली मग?"